दहावं बटण

सासू : बादल्या तिथंच दाराशी ठेव. आत आणू नकोस. तुझ्या दुकानाचा ओला वास अंगाला लागतो माणसाच्या.

मासेवाला : ठेवतो काकू. जरा लवकरच आलो मी. म्हटलं, टँक खाली करायचा म्हणजे वेळ लागतो, पाणी काढा, दगड काढा... पण ताई म्हणतात की अजून...

सून : आत्ता कुठं अकरा वाजून दहा मिनिटं झालीत. मुदत बारापर्यंत आहे. आणि आई, पडदा कुणी उघडला?

सासू : मी. माझी खिडकी आहे.

सून : ऊन थेट काचेवर येतंय. शेवाळ धरेल.

सासू : धरू दे. पाऊण तासानं पेटी याच्या हातगाडीवर असेल. मग तिला शेवाळ येवो नाहीतर मिशा येवोत. मासेवाल्या, चार महिने मी या खिडकीतून गल्ली बघितली नाही. समोरच्या चष्मेवाल्यानं दुकानाला रंग लावला, मला पत्ता नाही. कोपऱ्यावरच्या मास्तरणीकडे पाहुणा येऊन चार दिवस राहून गेला, ते मला दुसऱ्याच्या तोंडून कळलं. मला! या गल्लीतलं मांजरसुद्धा मला दाखवल्याशिवाय व्यालं नाही कधी.

मासेवाला : तसं बघायला गेलं तर टँक दुसऱ्या भिंतीला...

सून : दुसऱ्या भिंतीला काय आहे? लाकडी फळी. पाणी, वाळू, दगड, सगळं मिळून माझ्याहून जास्त वजन होतं. दगडी ओटा या घरात एकच आहे आणि तो नेमका खिडकीखाली आहे. ऊन चालत नाही म्हणून पडदा लावावा लागला. हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

सासू : सांगितलं होतं, विचारलं नव्हतं.

सून : विचारलं असतं तर नाही म्हणाला असतात.

सासू : बघ, माहीत होतं हिला.

मासेवाला : काकू, मला फक्त निरोप आला की टँक घेऊन जा. नक्की ठरलंय काय तुमच्यात?

सासू : बस, सांगते. त्या स्टुलावर बस, खुर्ची माझी आहे. तो दगडाला चिकटलेला हिरवा झुबका दिसतो? तूच दिलास ना?

मासेवाला : बटणपोवळं. हो, मीच दिलं. तुटका तुकडा होता, कुणी घेतला नसता. सात तोंडं होती त्याला.

सासू : सात बटणं. तो आणला त्या दिवशी ही म्हणाली, आई, तीन महिने द्या, साताची दहा करून दाखवते. नाही झाली तर मी स्वतः पेटी उचलून देईन. मी म्हटलं, आणि झाली तर? म्हणाली, तर खिडकी विसरायची. कायमची. माझ्या तोंडावर म्हणाली!

सून : तोंडावरच म्हणणार. पाठीमागे बोलायची मला सवय नाही.

सासू : म्हणजे मला आहे?

सून : मी माझं सांगितलं.

सासू : ऐकलंस? अशी बोलते. लग्न झालं तेव्हा तोंडातून शब्द फुटत नव्हता. सगळं माझ्याकडे राहून शिकली.

मासेवाला : मग किती झाली?

सून : दिवा अकराला लागतो. उजेड पडल्यावर ती अर्धा तास तरी घेतात उमलायला. मिटलेली असताना मोजता येत नाहीत, एकाच्या पोटात दुसरं लपतं.

सासू : बटणं उमलायची वाट बघतोय आम्ही! चाळीस वर्षं शर्टाच्या कारखान्यात बटणं लावली मी. दिवसाला हजारो. एकाही बटणानं मला ताटकळत ठेवलं नाही.

मासेवाला : हो का? मग मोजणार कोण?

सासू : हे काय विचारणं झालं? मी. तसंच ठरलंय. बटणं मोजायला या घरात दुसरं कोण आहे? हिचा नवरा? त्याला स्वतःच्या शर्टाची धड लावता येत नाहीत. विचारलं की मलाही हो म्हणतो, हिलाही हो म्हणतो. आज मुद्दाम सकाळीच कामाला पळाला.

सून : मोजा तुम्हीच. मला भीती नाही.

मासेवाला : ताई, एक सांगू? एवढ्या कमी पैशांत असा टँक मी कुणाचा बघितला नाही. काच कुठली ही?

सून : कोपऱ्यावरची बेकरी बंद पडली ना, तिच्या काउंटरची. पावाचं कपाट होतं ते. कडा खरवडून पुन्हा सिलिकॉन भरलं. दिवा एका फोटोवाल्याचा जुना. हीटर आणि पंप तुमच्याकडचे, वापरलेले.

सासू : आणि नवरा माझ्याकडचा, तोही वापरलेला. अरे, पहिला महिना काय झालं माहितीय? पेटीत पाणी, वर दिवा, आत नुसते दगड. मासा नाही, काही नाही. महिनाभर आम्ही दगडांना दिवा दाखवत होतो. आणि त्यात हिनं एक कोळंबी सोडली. मेलेली! सडवायला!

सून : त्याशिवाय पाण्यात जंतू तयार होत नाहीत. चांगले जंतू. तेच पुढं घाण खातात. घाई करून आधीच मासे सोडले असते तर मेले असते.

सासू : शेजारीण आली, म्हणाली, कसला वास येतोय? काय सांगू तिला? सुनेनं कोळंबी सडवायला ठेवलीय आणि दिवसातनं दोनदा तपासतेय, सडली का म्हणून?

मासेवाला : बरोबर केलं ताईंनी. बाकी लोकांना धीर नसतो.

सासू : तू तिची बाजू घ्यायला आलायस की पेटी न्यायला?

मासेवाला : न्यायला, न्यायला काकू.

सासू : मग गप्प बस. मला जरा गल्ली बघू दे. ...अगं, चष्मेवाल्यानं हा कसला रंग लावला? आजारी माणसाच्या जिभेसारखा. आणि ती स्कूटर कुणाची? ...बरं. ...हं. ...त्या दोघी अजून तिथंच उभ्या, तेच बोलतायत, चार महिन्यांपूर्वी जिथं सोडलं होतं तिथूनच पुढं. ...अगं, भाडेकरू कुठं गेला?

सून : कोण?

सासू : शंखातला गं. खेकडा. सकाळी डाव्या दगडाखाली होता.

मासेवाला : भाडेकरू म्हणता त्याला?

सासू : मग काय म्हणू? दर पंधरवड्याला घर बदलतो. एकदा दुसऱ्याला शंखातून उपटून बाहेर काढलं आणि स्वतः आत बसला. भर दिवसा! तो उघडा पडलेला बिचारा कोपऱ्यात अंग चोरून उभा. मी काच ठोकून ठोकून याला झापलं. याला लाज नाही.

सून : आई, ते वाळूत एक शिवताना बोटात घालायचं प्लास्टिकचं अंगुस्तान सापडलं होतं मला. ते तुमचं?

सासू : त्या उघड्यासाठी टाकलं होतं. आत डोकावून आला. जागा लहान वाटली असेल.

मासेवाला : काकू, पितळेचं नव्हतं ना? पितळ, तांबं गेलं पाण्यात तर पोवळी, खेकडे, सगळे खलास.

सासू : प्लास्टिकचं म्हणाली ना ती? तुला ऐकू येत नाही की मी तुला खुळी वाटते?

मासेवाला : नाही नाही. ते दोन केशरी मासे मजेत दिसतात.

सासू : दिसणारच. मोठी आहे ती बाई, लहान तो नवरा. तिच्या मागं मागं असतो, तिनं एक ढुशी दिली की थरथरतो. मला हे फार आवडलं. आणि ही म्हणते, बाई मेली तर नवऱ्याचीच बाई होते. म्हटलं, होऊ दे, कळू दे त्याला.

सून : आई, तुम्हाला बाहेरची गल्ली बघायची होती ना? पडदा उघडाच आहे.

सासू : बघितली. फार काही चाललेलं नाही आज.

मासेवाला : ताई, वेळ आहे तोवर पाणी बघून घेऊ का? नेताना मला तेवढंच खारट पाणी करावं लागेल बादलीत. माझी नळी आणलीय.

सून : बघा. खारटपणा पस्तीस असेल. मी दर रविवारी मोजते.

सासू : ही कसली नळी? दुर्बीण?

मासेवाला : तसंच काहीसं. एक थेंब टाकायचा आणि उजेडाकडे धरून बघायचं. खारटपणा किती ते आतल्या रेघेवर... अरे. ताई, हे जरा बघा.

सून : ...चाळीस?

मासेवाला : पुन्हा घेतो. ...चाळीसच. थोडं वरच.

सून : शक्य नाही. माझ्या खारटपणा मोजायच्या डबीवर पस्तीस दाखवतं. बघा, हा काटा.

मासेवाला : दाखवा बरं. ताई, या काट्यावर मीठ सुकून बसलंय. जड झालाय काटा, वर उठतच नाही. खोटं सांगतोय तुम्हाला, किती दिवसांपासून कुणास ठाऊक.

सासू : काय? दवाखान्यात लोकांचं रक्त तपासते ही! आणि घरचा काटा धुतला नाही?

सून : चुकलं माझं. दर वेळी धुवायला हवा होता. पण काटा चुकीचा असला म्हणून पाणी आपोआप खारट होत नाही. नवीन पाणी मी तोलून मीठ घालून करते. आणि आटलेल्या पाण्याच्या जागी फिल्टरचं साधंच घालते.

मासेवाला : रोज किती घालता?

सून : आधी रोज तांब्याभर लागायचं. या काचेवर रेघ आहे ना, तिथवर भरायचं. पण गेला दीड महिना पाणी आटतच नाही. कामावरून आले की रेघेवरच असतं. म्हटलं, हवा दमट असेल.

मासेवाला : या कोरड्या दिवसांत? ताई, माझ्या दुकानातलं रोज बोटभर आटतं.

सून : मग?

मासेवाला : मग म्हणजे, तसं बघायला गेलं तर, कुणीतरी भरतंय. आणि खारट पाण्यानं भरतंय. आटतं ते फक्त पाणी, मीठ मागंच राहतं. त्यात वर पुन्हा खारट घातलं की मिठावर मीठ.

सासू : तुझी नळी बिघडलीय.

मासेवाला : नवीन आहे काकू.

सासू : नवीन वस्तू जास्त बिघडतात. आणि माझ्याकडे काय बघतेस? घरात आणखी माणसं आहेत. तुझा नवरा आहे.

सून : तो पेटीला हात लावत नाही. त्याला खेकड्याची भीती वाटते.

सासू : ते खरं आहे.

सून : आई, मोरीतल्या खुंटीवर एक मलमलचं फडकं वाळत असतं. कडक होतं ते वाळल्यावर, पापुद्र्यासारखं. मी म्हटलं, कशाचं असेल. आज कळलं. मीठ होतं ते.

सासू : माझं फडकं आहे, कुठंही वाळेल.

सून : आई.

सासू : ओतलं! मग काय? दर रविवारी तू बादलीभर पाणी काढतेस आणि मोरीत ओततेस. चांगलं खारट पाणी! ते मीठ किती महागाचं, हे तूच दहादा ऐकवलंस. चमचा चमचा तोलून घालतेस आणि आठवड्यानं बादली उपडी करतेस. मी उभ्या जन्मात धाग्याचं टोक टाकलं नाही. माझ्या डोळ्यांदेखत समुद्र मोरीत जाईल आणि मी बघत बसेन? बाटल्यांत भरून ठेवलं. दोनदा गाळून घेतलं, मलमलीतून. आणि रोज तू गेलीस की रेघेपर्यंत घातलं. मला वाटलं, तेवढंच तुझं काम वाचेल.

मासेवाला : काकू, ते घाण काढायलाच पाणी बदलतात.

सासू : गाळलं म्हणते ना!

मासेवाला : फडक्यातून ती घाण गाळली जात नाही.

सासू : मला कुणी सांगितलं होतं? हिनं मला मोठी मोठी भाषणं दिली. जंतू, काटा, ऊन, पडदा. पण आई, हे पाणी परत घालू नका, असं एकदा तरी म्हणाली?

सून : कुणी घालेल असं डोक्यातच आलं नाही माझ्या.

सासू : म्हणजे आपण मला पुरतं ओळखलं, असं वाटलं होतं तुला.

सून : दुसऱ्या महिन्यात ती पंधरा दिवस मिटून होती. आठवतंय? साताची नऊ झाली होती, त्यातली दोन गळून पडली. मी या ओट्याशी बसून... तुम्ही म्हणालात, माणसं गेल्यावर एवढं रडत नाहीत.

सासू : म्हटलं होतं.

सून : तुमच्या पाण्यानं गळाली ती.

सासू : आणि तुझ्या काट्यानं.

मासेवाला : तसं बघायला गेलं तर दोन्हीनं. पण ताई, मला विचाराल तर मुदत वाढवून मागा. हे काही सरळ झालं नाही.

सून : नाही मागणार. दहा म्हणाले होते, झाली असतील तर झाली. मला कुणाची मेहरबानी नको.

सासू : आणि मी देणारही नाही. मुदत म्हणजे मुदत.

मासेवाला : दोघींपुढं मी काय बोलणार? पण ताई, ही सवय लागली कुठून? म्हणजे, हा छंद?

सून : दिवसभर काचेखाली आजारी माणसांचं रक्त बघते मी. वाटलं, घरी काचेमागं काहीतरी बरं असलेलं बघावं.

सासू : हे मला कधी बोलली नाहीस.

सून : तुम्ही खिडकीबद्दल बोलत होतात.

मासेवाला : अहो, उघडायला लागली! बघा, ते खालचं.

सासू : सरक. माझ्या उजेडात येऊ नकोस. दोघंही सरका.

(तिघंही काचेशी वाकलेली. एकेक बटण उमलत जातं.)

मासेवाला : पूर्ण उमलली. सुरेख रंग आहे. पाणी इतकं खारट असूनही तग धरलाय, चिवट आहे.

सासू : गप्प. मोजतेय.

सून : मीही मोजली.

मासेवाला : मीही. काकू, वाईट वाटतं पण...

सासू : तुला कुणी विचारलं? मोजणारी कोण, ठरलंय ना? दहा.

सून : नऊ आहेत आई.

सासू : दहा.

सून : नऊ. वर चार, मधे तीन, खाली दोन. मला दया नको.

सासू : दया कोण करतंय? मी या खिडकीसाठी चार महिने कळ काढलीय, मी तुला फुकट एक बटण वाढवून देईन? दहावं मागं आहे. दगडाच्या वळचणीला, बारीक. तुला तिथून दिसणार नाही. माझ्या खुर्चीवरून दिसतं.

सून : तुम्हाला सुईत दोरा ओवायला मला हाक मारावी लागते.

सासू : दोरा जवळ असतो. मला लांबचं स्वच्छ दिसतं. चष्मेवाल्याला विचार. मासेवाल्या, तू जाणकार आहेस. इथं ये. इथं, माझ्या खुर्चीशी. आता बघ आणि खरं सांग. मागं आहे की नाही?

मासेवाला : कुठं काकू? मला तर तिथं...

सासू : नीट बघ. गडबड करू नकोस. तुझं दुकान याच गल्लीच्या टोकाला आहे ना? रोज माझ्या दारावरून जातोस ना?

मासेवाला : ...हो, हो, आहे. म्हणजे बारीक आहे. आत्ताच फुटतंय. धरलं तर धरता येईल.

सासू : आम्ही धरतोय. दहा.

सून : हे चूक आहे. मी हरले, तर हरले म्हणा.

सासू : हरायची एवढी हौस असेल तर माझ्याशी पत्ते खेळ. चाळीस वर्षं माझी मोजणी कुणी परत मोजली नाही, मालकानंसुद्धा. तू मोजणार? मासेवाल्या, बादल्या उचल. आणि ती नळी ठेवून जा.

मासेवाला : नळी? काकू, ती माझी रोजची...

सासू : आठवडाभर. चाळीसाचे पस्तीस होईपर्यंत. आकडे वाचता येतात मला. अक्षरांशी जमलं नाही, आकड्यांशी कधी भांडण नव्हतं. आता सांग, उतरवायचं कसं?

मासेवाला : एकदम नाही उतरवायचं, धसका घेतात. रोज अर्धा तांब्या खारट काढायचं आणि तेवढंच फिल्टरचं साधं घालायचं. काढलेलं मात्र...

सासू : मोरीत. कळलं. फार लावून सांगू नकोस.

मासेवाला : मग येतो मी. ताई, पुढच्या आठवड्यात एक जांभळा तुकडा येणार आहे माझ्याकडे, कड उडालेला...

सासू : घेऊन ये. आधी मला दाखव. किती बटणांचा आहे ते मी बघेन. आणि जाताना दार ओढून घे.

सून : गेला. आई, आता खरं सांगा. मी मागून बॅटरी लावून बघितलं. तिथं नुसता दगड आहे.

सासू : तुझ्या बाजूनं दगड असेल.

सून : आणि खिडकी?

सासू : बारा वाजून गेले. एकदा मोजलं ते मोजलं. भाडेकरू सापडला, तो बघ, पंपामागं दडलाय, घर बदललंय लबाडानं. तू अशी उभी का? पडदा ओढ आधी. ऊन येतंय आत.